उलटून पाहिलेलं नाणं

एका खोऱ्यात पाच गावं होती, आणि पाचांत मिळून एकच नाणं चालत असे.

त्याआधी म्हणे प्रत्येक गावाचं नाणं वेगळं होतं. मेथीची जुडी घ्यायची तरी दोघांनी आधी हिशोबाला बसायचं, आणि हिशोब जुळेपर्यंत मेथी मान टाकायची. शेवटी पाच गावांची जाणती माणसं एकत्र आली. एकाच टांकसाळीत, एकाच कढईतल्या तांब्याची नाणी पाडायची असं ठरलं. पुढच्या बाजूला सगळ्यांवर पाच पाकळ्यांचं फूल. म्हणून त्या नाण्याला लोक पाकळीच म्हणायला लागले. मागच्या बाजूला मात्र ज्या गावाच्या वाट्याचं नाणं, त्या गावाची खूण: कणीसगावाचं कणीस, नांगरगावाचा नांगर, मडकेगावाचं मडकं, मासळीगावाची मासळी आणि घंटागावाची घंटा. खूण आपली हौसेपुरती होती. नाणं उलटून ती बघणं त्या खोऱ्यात फार असभ्य मानलं जाई. पाहुण्याने किती पोळ्या खाल्ल्या ते त्याच्या तोंडावर मोजण्यासारखंच ते.

खोरं जिथे समुद्राला मिळतं तिथे बंदर होतं आणि बंदरावर अनसूआत्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक चटई, एक तराजू, एक पाटी आणि चांदीची नाणी ठेवायची, पाचही गावांच्या मालकीची एक पेटी. दरवर्षी थंडी पडली की दर्यापारचा नाखवा आपली गलबतं घेऊन महिनाभर मुक्कामाला यायचा. तो दिव्याचं तेल, लोखंड आणि औषधं आणायचा, आणि जाताना कापड, मडकी, सुकी मासळी न्यायचा. त्याच्या देशात चांदीचं नाणं चाले. पाकळ्या घेऊन चांदी द्यायची, चांदी घेऊन पाकळ्या द्यायच्या, हे आत्याचं काम. पाच पाकळ्यांना चांदीचं एक नाणं हा भाव पाटीवर इतकी वर्षं होता, की ती पाटी पुसायची असते हेच आत्या विसरली होती.

आत्याचे यजमान आप्पा. त्यांनी चाळीस वर्षं टांकसाळीत नाण्यांवर ठसे मारले होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचं माणूस त्यांना नुसतं धुरकट दिसायचं. दर्यापारच्या एका वैद्याला मोतीबिंदू काढायची विद्या येत होती. जाणं, येणं आणि वैद्याचे पैसे मिळून खर्च होता शंभर चांदीची नाणी. फार तर आणखी एखादं वर्ष थांबता येईल, मग उपाय चालणार नाही, असा वैद्याचा निरोपही आला होता. आत्याने पोटाला चिमटा काढून एका हंड्यात पाकळ्या साठवल्या होत्या. पाचशेवी पाकळी गेल्याच आठवड्यात पडली होती. म्हणजे बरोबर शंभर चांदीची नाणी. या खेपेला नाखवा परत निघाला की त्याच्या गलबतावर आप्पा चढणार, हे ठरलेलं होतं.

आता घंटागावाकडे वळू. तिथला पिराजी पाटील मनाने मोठा होता आणि बोलायला त्याहून मोठा. आपल्या गावाची घंटा दर्यापार ऐकू गेली पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं. घंटेसाठी कर्ज काढलं. मग घंटेसाठी मनोरा हवा, म्हणून कर्ज. मनोऱ्याला जिना नको का? जिन्यासाठी कर्ज. सगळं नाखव्याकडूनच, असं पिराजी सांगे. दरवर्षी जुना हप्ता फेडायला नवं कर्ज निघायचं आणि पिराजी सगळ्यांना सांगायचा, "हप्ता कसा वेळेवर गेला बघा!"

त्या वर्षी नाखवा आला तो थेट आत्याच्या चटईवर येऊन बसला.

"आत्या, तुमच्याजवळ साठवलेल्या पाकळ्या असतील, तर आजच बदलून घ्या."

"का हो? उद्या काय आहे?"

"पिराजी पाटलांनी हात वर केलेत. त्यांना पुन्हा नवं कर्ज हवंय. मी नाही म्हटलं. उद्या ही गोष्ट बंदरभर होईल, आणि पाकळीला आजचा भाव मी देणार नाही."

"अहो, पण कर्ज घंटागावाचं. पाकळी तर पाच गावांची."

"तेच तर दुखणं आहे. आता बाकीची चार गावं त्यांचं कर्ज फेडतील का? फेडलं, तर चारही गावांची ओढाताण होईल. नाही फेडलं, तर पाचांची जूट फुटेल. जूट फुटल्यावर पाकळी कुणाची? कसंही झालं तरी पाकळ्यांची पोती मला गलबतात भरायची नाहीत." नाखवा उठला. "तुम्ही सरळ बाई आहात, म्हणून सांगितलं."

तो गेला आणि आत्याने पेटी उघडली. पेटीत एकशे वीस चांदीची नाणी होती. आपल्या पाचशे पाकळ्यांच्या बदल्यात तिने त्यातली शंभर मोजून पदरात घेतली. खोटं कशाला सांगायचं, पदराला गाठसुद्धा मारली. मग तिला आठवलं, की सकाळी मासळीगावच्या बायका येतील, मडकेगावचे कुंभार येतील. तेलासाठी, सुयांसाठी, नांगराच्या फाळासाठी चांदी मागतील. पेटी त्यांचीही होती. त्यांना जे माहीत नाही, ते माहीत आहे म्हणून आपण पेटी रिकामी करायची? तिने गाठ सोडली आणि नाणी पुन्हा पेटीत ठेवली. ठेवताना तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नाखव्याने भाव सांगितला: सहा पाकळ्यांना एक चांदीचं नाणं. आत्याने पाटी पुसली. आप्पांच्या डोळ्यांसाठी शंभर नाणी होती, ती एका सकाळीत त्र्याऐंशी झाली. तिने घरी जाऊन आप्पांना सगळं सांगितलं, पदराच्या गाठीचंही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू केलंस ते बरोबर केलंस. पण अनसू, मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी खोऱ्यात आजवर घडलं नव्हतं असं काहीतरी घडलं. घंटागावची एक बाई कणीसगावच्या माणसाकडून कांदे घेत होती. तिने पाकळी पुढे केली. कांदेवाल्याने ती घेतली, क्षणभर थांबला आणि उलटून बघितली.

आजूबाजूचे लोक वळून बघू लागले. बाईचा चेहरा उतरला.

"घंटा आहे," कांदेवाला नजर चुकवत म्हणाला. "दुसरी नाही का एखादी? नांगराची वगैरे?"

"अहो, गेल्या आठवड्यात हीच चालत होती की!"

"गेल्या आठवड्यात मी बघत नव्हतो."

झालं! तासाभरात सगळा बाजार नाणी उलटायला लागला. घंटेच्या दोन पाकळ्यांना नांगराची एक, असा भाव कुणीतरी फोडला. ज्याच्या हाती घंटा येई, तो ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायला धावे. पोरंसुद्धा गोळ्या घ्यायच्या आधी नाणं उलटू लागली. नाखवा एका बाजूला उभा राहून हे सगळं बघत होता. दुपारी तो आत्याकडे आला आणि म्हणाला, "लिहा, आठ."

नांगरगावचा केरबा पाटील तिथेच होता. खोऱ्यातला सगळ्यांत श्रीमंत, हिशोबाला चोख, आणि हे दोन्ही लोकांना वरचेवर सांगणारा. तो भडकला. "नांगराच्या पाकळीलाही आठ? आमच्या गावावर एका कवडीचं कर्ज नाही!"

नाखवा शांतपणे म्हणाला, "केरबा पाटील, तुम्ही लोकच एकमेकांची नाणी उलटून बघता. आज घंटा नको, उद्या मडकं नको म्हणाल. तुमचा तुमच्यावर भरवसा नाही, मग मी परका माणूस कशाच्या बळावर ठेवू? मला सगळ्याच पाकळ्या सारख्या."

भाव आठ झाला आणि तेल भडकलं. घराघरांत एकच दिवा लागू लागला. मडकेगावचे कुंभार तेवढे दोन दिवस खुशीत होते, कारण खलाशांना मडकी स्वस्त पडत होती आणि ते डझनांनी नेत होते. तिसऱ्या दिवशी कुंभार चाकासाठी लोखंडी आस घ्यायला गेले, त्याची किंमत ऐकली आणि त्यांचीही खुशी मावळली. आत्याच्या पाचशे पाकळ्यांची आता बासष्ट नाणी होत होती. आप्पा गलबताविषयी विचारायचेच बंद झाले.

पाच गावांची बैठक बंदरावरच बसली.

केरबा म्हणाला, "सरळ गोष्ट आहे. घंटागावाला बाहेर काढा. त्यांनी त्यांचं नाणं पाडावं आणि त्यांचं ते निस्तरावं."

पिराजीचा आवाज अजून चढाच होता. "एवढं कशाला? टांकसाळीत दुप्पट पाकळ्या पाडा! नाखव्याला पोती भरून देऊ. फिटलं कर्ज!"

आप्पा भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, "पाटील, ठसे मी मारत होतो. पाकळ्या हव्या तेवढ्या पडतात. पण तेल तेवढंच, लोखंड तेवढंच. पाकळ्या दुप्पट झाल्या की नाखवा आठाचे सोळा करील. मग तुमची पोती घेऊन तो काय करील?"

आत्या सहसा बैठकीत बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"केरबाभाऊ, घंटागावाला आज काढलंत, तर उद्या नाखवा विचारील, आता कोणाची पाळी? मग पाटीवर मी दहा लिहीन, बारा लिहीन. आणि एक विचारू? घंटेचं तांबं त्यांनी कोणाकडून घेतलं?"

केरबा खाकरला. "माझ्याकडून. रोख घेतलं."

"मनोऱ्याचं लाकूड?"

"तेही माझ्याच रानातलं."

"म्हणजे कर्ज त्यांनी काढलं आणि पैसा तुमच्या माजघरात गेला. तुमचे डेरे घंटेच्या पाकळ्यांनी भरलेत. त्यांना बाहेर काढलंत की त्या पाकळ्यांचं काय करणार? झांजा वाजवणार?"

लोक हसले. केरबा मात्र विचारात पडला. एवढ्यात आत्या पिराजीकडे वळली. "आणि पिराजीभाऊ, तुम्ही आधी खरा आकडा सांगा. सगळा."

पिराजीने छाती फुगवली, मग ती हळूहळू खाली बसली. "दोन हजार चांदीची नाणी म्हणून सांगत आलो," तो म्हणाला, "पण दुसऱ्या एका गलबतवाल्याचंही कर्ज आहे. सगळं मिळून तीन हजार." आणि मग तो एकदम म्हातारा दिसायला लागला. "लाज वाटत होती, म्हणून लपवलं. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी काहीतरी होईल."

आकडा ऐकून बैठकीत एवढा गोंधळ उडाला की काहीच न ठरता ती मोडली. बाहेर मात्र भलतीच बातमी पसरली, की घंटागावाला काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दुकानात पोचली तेव्हा पुढे दोनशे माणसांची रांग होती. प्रत्येकाच्या मुठीत घंटेच्या पाकळ्या होत्या. "बदलून द्या, आत्या! दुसऱ्या कुठल्याही खुणेच्या द्या, पण ह्या घ्या!"

आत्या घरी परतली. हंडा उचलला. आप्पांना आवाजावरूनच कळलं.

"बदलून देतेस?"

"एकास एक. घंटागाव खरंच बाहेर पडलं, तर आपल्या हंड्यात नुसतं तांबं उरेल. मग गलबत विसरावं लागेल, आप्पा. डोळ्यांचं काही खरं नाही मग."

"आणि नाही दिलेस तर?"

"तर घंटागाव बाहेर पडणारच. आणि मग पाकळीच राहणार नाही."

आप्पा उठले आणि चाचपडत त्यांनी हंड्याचा दुसरा कान धरला. "चल. एकटीला पेलायचा नाही."

आत्याने हंडा चटईवर रिता केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःची नाणी उलटून पाहिली, कारण त्या दिवशी इलाज नव्हता. घंटेच्या शंभर बाजूला काढल्या. उरल्या चारशे. मग तिने रांगेला हाक दिली, "या! घंटेची एक द्या, दुसरी एक घ्या. कुणाला नाही म्हणणार नाही."

पहिल्याने वीस बदलल्या. दुसऱ्याने पंधरा. लोक घाईने मुठी रित्या करत होते आणि ढीग उतरत होता. तीनशे. दोनशे. आत्या हसून देत राहिली. ढीग शंभरावर आला तेव्हा रांगेत अजून दीडशे माणसं होती. ऊन चढलं होतं. साठ उरल्या. चाळीस.

तेवढ्यात रांगेतली एक जाडजूड कोळीण मोठ्याने म्हणाली, "आत्या, उद्या आले तरी देशील ना गं?"

आत्याने उरलेल्या चाळिसांकडे पाहिलं. "देईन," ती म्हणाली.

"मग मी मेली उन्हात कशाला उभी राहते? मासळी सडेल माझी." आणि कोळीण टोपली उचलून निघून गेली.

तिच्यामागचा न्हावी घुटमळला. त्याचंही दुकान उघडायचं राहिलं होतं. तोही गेला. मग चौघं गेले, मग दहा. मिळणारच आहे म्हटल्यावर आजच घ्यायची घाई कुणाला राहिली नाही. रांग विरळ होत होती, तेव्हा केरबा पाटील गडी माणसाच्या डोक्यावर भली मोठी पिशवी देऊन आला.

"नांगराच्या हजार आहेत," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "तुमच्या ढिगात टाका. माझ्या माजघराचा विचार करून आणल्यात, उगाच थोरपणा समजू नका."

"नाही समजत," आत्या म्हणाली, आणि तिच्या जिवात जीव आला.

त्या हजारांतली एकही पाकळी शेवटी लागली नाही. संध्याकाळपर्यंत रांग उरलीच नव्हती.

दोन दिवसांनी पाच गावं नाखव्यापुढे बसली. पिराजीने सगळे कागद सगळ्यांसमोर उघडे केले. मनोऱ्याचं काम थांबलं. जिथे कळस होणार होता तिथे ताडपत्री बसली. घंटा वितळवून तिचं तांबं विकायचं ठरलं. घंटागावाने पुढची दहा वर्षं जत्रा साधी करायची, वर्षातून दोनदा आपला जमाखर्च भर बाजारात वाचून दाखवायचा, आणि कुठल्याही गावाने बाकीच्या चौघांना सांगितल्याशिवाय कर्ज काढायचं नाही. चार गावं घंटागावाला जामीन राहिली. नाखव्यानेही हप्ते लहान करून मुदत वाढवली आणि थोडं व्याज सोडलं. केरबाने त्याला सुनावलंच होतं, "मनोऱ्याला जिना मागणाऱ्याला डोळे मिटून कर्ज देणाराही शहाणा नसतो!" नाखवा हसला, पण कबूल झाला.

भाव आठाचा सात झाला, सातावरून साडेसहा. पाचावर काही लगेच आला नाही. गेलेला भरवसा पळत जातो आणि परत येताना चालत येतो. त्या वर्षी गलबतं निघाली तेव्हा आत्याच्या पाकळ्यांची शंभर नाणी होत नव्हती. आप्पा धक्क्यावर उभे राहून गलबतांचे आवाज ऐकत राहिले. आत्याला फार वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

वर्ष गेलं. घंटागावचे दोन्ही गलबतवाल्यांचे हप्ते वेळेवर गेले, आणि या खेपेला खरोखरच्या कमाईतून. तिथल्या लोकांनी कितीतरी सणांना गोडाशिवाय जेवण केलं. कुरकुर झाली, पण जमाखर्च वाचायला पिराजी स्वतः उभा राहिला. बाजारात नाणं उलटणाऱ्याकडे लोक पुन्हा डोळे वटारून पाहू लागले. थंडी पडली, नाखवा आला. भाव झाला सव्वापाच.

आत्याने हिशोब केला. महागाईत वर्षभर हंड्यात एकही नवी पाकळी पडली नव्हती. पंच्याण्णव नाणी. पाच कमी.

ती नाखव्यापुढे गेली. "पाच नाणी उसनी हवीत. माझी महिन्याची कमाई वीस पाकळ्या. पोटाला पंधरा लागतात. उरलेल्या पाचांतून फेडीन, सहा महिने लागतील. दुसरं कुणाचं देणं नाही. आप्पांना बरं वाटलं नाही तरी फेडीन."

नाखव्याने तिच्याकडे पाहिलं. "आत्या, पिराजी पाटलांनी पहिल्या दिवशी हे असं सांगितलं असतं ना..." एवढं बोलून तो थांबला आणि पाच नाणी मोजून तिच्या हातावर ठेवली.

आप्पा गलबतावर चढून दर्यापार गेले. आत्याने ते दिवस कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. अडीच महिन्यांनी दर्यापारचं एक गलबत त्यांना सोडायला आलं. धक्क्यावर फळी टाकली गेली आणि आप्पा कुणाचाही हात न धरता खाली उतरले. आत्यापुढे येऊन थांबले. तिच्याकडे बघत राहिले, बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तू किती म्हातारी झालीस!"

आत्या हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं.

तात्पर्य एवढंच: कर्ज एकाचं असलं तरी भरवसा सगळ्यांचा असतो. ज्याने घेतलं त्याने खरं सांगावं, आणि ज्यांचं नाणं एक आहे त्यांनी अडचणीच्या दिवशी एकमेकांच्या मागे उभं राहावं.